चंपतरावांच्या परीक्षेचा बोर

चंपतरावांनी अर्धं आयुष्य विहिरी खोदण्यात घातलं. पहार, सुरुंग आणि स्वतःची पाठ, एवढंच भांडवल. त्र्याहत्तरच्या सुमारास नागपूरकडे बोर पाडायची यंत्रं आली आणि विहिरीवाल्यांना कुणी विचारेनासं झालं. मग हा मानी माणूस चाळिशी उलटल्यावर यंत्रावर पाइप उचलायला लागला. यंत्र चालवायचं तर साहेबांसमोर एक बोर स्वतःच्या जबाबदारीवर पाडून पास व्हावं लागे. नापास झाला तर पुन्हा पाइपच, आणि कंबर तर आताच बोलू लागली होती. परीक्षा ठरल्यापासून चंपतरावांना जेवण जात नव्हतं.

बोर हुडकेश्वरच्या शिवारात होता. मी आत हवा सोडणाऱ्या कॉम्प्रेसरवर. गोपाळराव साहेब खुर्ची टाकून बसले, ते तोंडातून अक्षर काढतील तर शपथ. असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

वरचा मुरूम ढासळू नये म्हणून चंपतरावांनी बाहेरचा पाइप थेट खडकात बसवला. आधी परीक्षा दिलेले दोघे याच कामात आपटले होते. धूळ उडाली, मग चिखल, मग पाणी. यंत्राचे दांडे वर काढून झाले. आता साहेबांनी वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची, एवढंच राहिलं.

तेवढ्यात गावच्या बाया ओटी घेऊन आल्या. पुढे चंपतरावांची माय, सुभद्राबाई. विहिरीची ओटी भरताना खोदणाऱ्यांनी दूर व्हायचं, ही आमच्याकडची रीत. चंपतराव चपला काढून, हात जोडून मागे सरले. बोरवर लोखंडी झाकण ठेवायचं राहून गेलं.

बाया बाजूला झाल्यावर साहेबांनी दोरी सोडली. ती मध्येच सैल पडली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच.

“आत काय आहे?”

म्हातारी पुढे झाली.

“नारळ हाय, साहेब. विहिरीत सोडतो तसा मीच सोडला. लेक पास व्हावा म्हणून.”

“आजी, तुमचं काही चुकलं नाही. झाकण कुणी ठेवायचं होतं?”

“म्या,” चंपतराव म्हणाले.

दांडे पुन्हा उतरवले. नारळ फुटला, हवेबरोबर खोबऱ्याचे तुकडे वर उडाले. बोर मोकळा, पाणी भरपूर. आता तरी साहेब विरघळतील असं मला वाटलं. कसले विरघळतात! आज नारळ गेला, उद्या एखादं मूल गेलं तर काय करणार, असं विचारून त्यांनी नापास केलं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा यायला सांगितलं. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. त्यांचं बोलणं खरं होतं, त्याचाच जास्त राग आला.

परतताना सुभद्राबाई लेकाच्या मागे मागे चालत होती, डोळ्याला पदर लावून. नाक्याजवळ आल्यावर म्हणाली, “पुढच्या टायमाले मी नाही येत, बापू.”

चंपतराव थांबले. ती जवळ येईपर्यंत उभे राहिले.

“काहून नाही? येजो वं माय. आधी मी झाकण ठेवीन, मंग तू त्याच्यावर ओटी भरजो.”