मुलाकडचे केरूतात्या

पेणहून आत गागोदे बुद्रुकच्या बाजूला, डोंगराच्या कडेकडेने जी चारपाच गावं आहेत, तिथे केरूतात्यांना बोलावल्याशिवाय लग्नाची बैठक बसत नाही. माणूस तसा साधा. पावसाळ्यात भात, मागाहून वाल, शाळा चौथीपर्यंत. पण मुलगी बघायला निघाले की इस्त्रीचं उपरणं खांद्यावर टाकून असे काही चालायचे की समोरच्या घरातल्यांनी आपोआप सतरंजी झटकायला घ्यावी. एकेचाळीस सोयरिकी जमवल्या त्यांनी, आणि सगळ्या मुलाच्या बाजूने. मुलीच्या बाजूने बसणं त्यांना मानवतच नसे. तिकडे फार हात जोडावे लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलाकडचा माणूस कसा असावा, हे त्यांच्याकडून शिकावं. पोहे फक्कड झाले तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसं किती, पाणी कुठलं, आधीची सोयरीक का मोडली, सगळं खोदून विचारायचं आणि उठताना एवढंच म्हणायचं, ‘कळवतो.’ मुलीला चालून दाखवायला लावणं, सुईत दोरा ओवायला लावणं, हे प्रकार मात्र त्यांनीच त्या गावांतून बंद पाडले. पोर काय बाजारातला बैल हाय का, म्हणायचे. आणि खोटं बोलायचे नाहीत. सख्खा पुतण्या विठू रोज संध्याकाळी बाटलीला बसतो, हे त्यांनी भर बैठकीत मुलीच्या बापाला सांगून टाकलं. लग्न मोडलं, विठूची आई दोन वर्षं बोलली नाही. पण तेव्हापासून केरूतात्यांनी स्थळ चांगलं म्हटलं की लोक पुढची चौकशी करत नसत.

तर अशा माणसाला सुनेने नातवाच्या शाळेच्या मुलाखतीला नेलं. आता चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

नातू रेयांश, वय वर्षं चार. हे नाव आजीच्या, म्हणजे बायजाबाईंच्या जिभेला झेपेना, म्हणून त्या त्याला सोन्या म्हणायच्या. बाप नितेश धाटावच्या कंपनीत ऑपरेटर, तिन्ही शिफ्टला मोटारसायकल दामटून जायचा. आई अपेक्षा पेणच्या कॉलेजात शिकलेली. दोघांनी ठरवलं होतं की पोराला इंग्रजी शाळेत घालायचं, तेही साध्यासुध्या नाही. दोन शाळा हेरल्या होत्या, एक पेणची आणि एक रोह्याची. नावं इतकी लांबलचक इंग्रजी की केरूतात्यांनी लक्षात ठेवायचा प्रयत्नच केला नाही. मुलींना जशी माहेरच्या गावावरून हाक मारतात, तसं ते एकीला पेणवाली आणि दुसरीला रोहेवाली म्हणू लागले.

ज्युनिअर केजीच्या चाळीस जागा आणि अर्ज तीनशे. अर्ज सहा पानी. पाल्याची बलस्थानं लिहा म्हणून रकाना होता. नितेशने लिहिलं, ‘जास्त रडत नाही.’ अपेक्षाने ते खोडून ‘नेतृत्वगुण’ केलं. मग तीन महिने पोराची तयारी. रात्रपाळी करून आलेला नितेश लाल डोळ्यांनी चित्रांचं पुस्तक उघडायचा आणि विचारायचा, व्हॉट इज धिस? पोपट असो, बेडूक असो, की हिरवा त्रिकोण, पोर शांतपणे म्हणायचं, वाल. अपेक्षा भाकऱ्या थापताना स्वतःशीच पुटपुटायची, वुई बिलीव्ह इन ऑलराउंड डेव्हलपमेंट. बायजाबाईंना वाटलं, सुनेला बाहेरचं काही लागलं. त्यांनी गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळल्या.

पण खरा पेच वेगळाच होता. पेणची शाळा मिळाली तर सगळी गावच्या घरातच राहणार होती. रोह्याची मिळाली तर नितेश तिथे भाड्याने खोली घेणार होता. धाटाव तिथून हाकेवर, जिवावर उदार होऊन हायवेवरनं रोज जायचं संपलं असतं. मग पोर गावी यायचं ते सुट्टीला. हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सोन्या केरूतात्यांच्या बशीतला चहा प्यायचा, त्यांच्याच कुशीत झोपायचा, वालाच्या शेतात त्यांच्या मागे मागे ढेकळं फोडत हिंडायचा. केरूतात्यांना पेणच हवी होती. अगदी पोटातून हवी होती.

नेमकी मुलाखतीच्या आठवड्यातच कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं आणि नितेशची रजा उडाली. पालक दोन हवेत, असा नियम. म्हणून सासरे. पेणच्या एसटीत अपेक्षाने त्यांना दहादा बजावलं, की तुम्ही काही बोलू नका, फक्त हसा. केरूतात्यांनी मान हलवली. पण डोकं आपल्या चालीने चालतच होतं. फोटो दिलाय, जन्मतारीख दिलीय, नवे कपडे घातलेत, दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचंय. हे काय असतं ते एकेचाळीस वेळा बघितलंय आपण. आणि पोरगा आपला. म्हणजे आपण मुलाकडचे.

झालं. इथेच घोडं पेंड खातं.

बाहेर बाकावर पालक रांगेने बसलेले, एक टाय लावलेला बाप डोळे मिटून इंग्रजी घोकतोय. आत गारेगार केबिन, मृणाली मॅडम मुख्याध्यापिका, शेजारी दोन शिक्षिका. मॅडमनी गोड आवाजात रेयांशला नाव विचारलं. केरूतात्यांनी हात वर केला.

“त्याचं मागनं. आधी तुमची माहिती येऊ द्या.”

मॅडमना अकरा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. केरूतात्यांनी उपरणं सावरलं आणि एकेक विचारत गेले. मूळ गाव कुठलं? पोरं किती? पाणी नळाचं की बोअरचं? या वर्गाच्या आधीच्या बाई का गेल्या? भांडून गेल्या की आपल्या मनाने? आणि गंमत बघा, मॅडम उत्तरं द्यायला लागल्या! आधीच्या बाई नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एका शिक्षिकेने न विचारताच आपलं शिक्षण सांगितलं. चहा आला. अपेक्षाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तेवढ्यात रेयांशचं नाक वाहायला लागलं. बारा महिने सर्दी त्या पोराला. अपेक्षाने रुमाल काढला, पण केरूतात्यांनी तिचा हात दाबून धरला. बघू या, मुलीकडचे काय करतात ते. दोन्ही शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. मॅडमनी घंटी वाजवली. शिपाई आला, तो मावशींना बोलवायला गेला, मावशी हातमोजे शोधायला गेल्या आणि परत आल्या त्या एक रजिस्टर घेऊन, सही करा म्हणून. तोवर पोराने जिभेने काम उरकलं होतं.

केरूतात्या उठले. “कळवतो,” म्हणाले आणि बाहेर पडले.

अपेक्षा एसटीत रडत आली. का नाही रडणार हो? तीन महिने त्या बाईने भाकरीच्या पिठात इंग्रजी मळलं होतं. नितेशने कपाळावर हात मारला, पण बापाला काय बोलणार? तिकडे पेणवालीच्या केबिनमध्ये मात्र भलतंच घडलं होतं. तिथे येणारा जो तो हातापाया पडणारा. ‘कळवतो’ म्हणून निघून जाणारा म्हातारा म्हणजे साधा असूच शकत नाही. हायवेला जमीन गेलेली असणार, नाहीतर मंत्र्याचा कुणी. बरं, एवढ्या तोऱ्याने तो कळवणार तरी कधी? तिसऱ्या दिवशी अपेक्षाला फोन आला, की आजोबांचं आमच्याबद्दल काय मत पडलं?

त्याच आठवड्यात रोह्याला गेले. शटडाऊन चालूच होतं, त्यामुळे पुन्हा सासरेच. अपेक्षाने या खेपेला काही बजावलं नाही, नुसता देवाचा धावा केला. रोहेवालीचं सगळं बेताचं. भिंतीचा रंग उडालेला, मुख्याध्यापक कमळाकर सर पन्नाशीचे, बाजूला वैशाली नावाची तरुण शिक्षिका. केरूतात्यांनी तेच विचारलं, सरांनी खरं खरं सांगितलं. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. गेल्या वर्षी तिघी शिक्षिका सोडून गेल्या, कारण पगार कमी. मैदान शेजाऱ्यांचं, आपलं नाही. केरूतात्यांना आतून बरं वाटत होतं. हे स्थळ काही बसत नाही. सुटलो.

मग नाक वाहायला लागलं. वैशाली अपेक्षाला पहिल्या वर्षी काय काय शिकवतात ते सांगत होती. बोलता बोलता तिने पोराला जवळ ओढलं, ओढणीच्या टोकाने नाक पुसलं, आणि वाक्य मोडलंसुद्धा नाही. आपण काही केलं हे तिच्या गावीही नव्हतं. पोर तिच्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं ते तिथेच. अपेक्षाने पाहिलं नाही, ती पुढचं इंग्रजी आठवत होती. पाहिलं एकट्या केरूतात्यांनी.

“कळवतो,” ते म्हणाले, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

दोन दिवसांनी कमळाकर सरांचा फोन आला. जागा दिली आहे, यायचं तर रविवारपर्यंत सांगा, नाहीतर पुढच्या नंबरला बोलावतो. एवढंच.

रविवारी सकाळी मात्र गावात पांढरीशुभ्र व्हॅन शिरली. आतून मृणाली मॅडम उतरल्या, दोन शिक्षिका उतरल्या, पेढ्यांचा खोका, रंगपेटी आणि शाळेचा चिमुकला गणवेश उतरला. केरूतात्यांकडे मुलीकडचे आलेत, ही बातमी पाणवठ्यापर्यंत गेली. बघता बघता अंगणात माणूस मावेना. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. हायवेची जमीन नाही, मंत्री नाही, एक गोठा आणि वालाच्या शेंगांचा ढीग. पण गणवेश हातात घेऊन आलेल्या माणसाने परत कसं जायचं? त्यातून रोहेवालीने आधीच होकार दिलाय हे ऐकलं आणि त्यांना चेव चढला. प्रवेश पक्का, म्हणाल्या. परीक्षा नाही, काही नाही. शिवाय व्हॅन दारापर्यंत येईल, चार वाजता पोर घरात.

शेजारचा जगन पुढे सरसावला. मानपानाचं काय, त्याने विचारलं. गावच्या गणपतीला शाळेचं बँडपथक पाठवणार का? मॅडमनी वहीत लिहून घेतलं. खरंच सांगतो, लिहून घेतलं. आणखी कुणीतरी सुपारी कधी फोडायची ते विचारत होतं. अपेक्षा दाराआड उभी राहून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

केरूतात्या गोठ्यामागे जाऊन उभे राहिले. बायजाबाई मागोमाग आल्या. नवऱ्याशी त्या सहसा हट्टाने बोलत नसत, आज बोलल्या.

“पेणच सांगा. लई इचार करू नका. पोर डोळ्यांसमोर ऱ्हाईल.”

बायको बोलली ते केरूतात्यांच्याच मनातलं होतं. नुसतं अंगणात जाऊन ‘पसंत आहे’ म्हणायचं, बस्स. कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी चांगलं म्हटलं की विचारतच नव्हतं कुणी. आणि तेच तर त्यांना खात होतं. ते अंगणात आले, मॅडमच्या समोर बसले.

“मॅडम, तुमचं घर मोठं हाय. माणसंही चांगली. पण आमचं पोर शेंबडं हाय,” ते म्हणाले. “त्याला रोहेवालीकडंच द्यावं लागंल.”

कुणाला काही उमगलं नाही. मॅडमनी गणवेशाची घडी घातली. जगनने बँडपथकासाठी हळहळ केली. नितेश गेले दोन महिने बापाला खोलीचं कसं सांगावं म्हणून झुरत होता, त्याने पायरीवर बसूनच कमळाकर सरांना फोन लावला. बायजाबाई आत गेल्या आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. शेंगा सोलता सोलता डोळे तेवढे पुसायच्या.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी टेम्पो भरला. केरूतात्या सामानासोबत रोह्याला गेले. पहिल्या दिवशी पोराला सोडायला तेच फाटकापर्यंत गेले. आत रडारड चाललेली. वैशाली बाहेर आली, तिने रेयांशचा हात धरला, आणि पोर निघालं की तिच्याबरोबर! मागे वळून पाहिलं नाही मेल्याने. केरूतात्यांनी तिला हाक मारून थांबवलं आणि दोन्ही हात जोडले, अगदी छातीशी. कितीतरी मांडवांत मुलीचे बाप असे त्यांच्यासमोर उभे राहिले होते, आणि त्यांनी दुसरीकडे बघत मान हलवली होती.

“लेकरू लहान हाय बाई,” ते म्हणाले. “काय चुकलंमाकलं तर पदरात घ्या.”

वैशाली घाईत होती. “आजोबा, शाळा बारा वाजता सुटते,” ती म्हणाली आणि पोराला घेऊन आत गेली.

तेव्हा साडेआठ वाजले होते. केरूतात्या बारापर्यंत फाटकाशीच उभे राहिले.