काचेवरचं कुंकू

माझे आईबाबा सिंदीला राहतात, मी वर्ध्याला. दर रविवारी ते दोघं गाडीने माझ्याकडे जेवायला येतात, आणि ते निघाले की माझा जीव टांगणीला लागतो. निघालात का, सेलू आलं का, आता कुठे आहात, असे माझे फोन सुरू होतात. नवरा म्हणतो, तू घरात बसून गाडी चालवतेस. म्हणू दे त्याला. त्याचे वडील गावात सायकलवर फिरतात. सायकल नागपूर रोडला जात नाही.

बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. कापडाचं दुकान त्यांनी मागेच बंद केलं. गुडघ्यांमुळे चालणं कमी झालं, डॉक्टरांमुळे गोड. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि दुसरा दाखवून घ्या म्हटलं की ते उठून अंगणात जातात. उरली ती छोटी पांढरी गाडी. रोज सकाळी तिला फडकं मारणं, टायर लाथेने तपासणं, आईला मागे न बसवता शेजारीच बसवून कुठे ना कुठे निघणं. गाडी काढून घेतली तर या माणसाकडे काय राहील, हा प्रश्न मला भेडसावत होता. नाही काढून घेतली तर काय होईल, हा त्याहून जास्त.

दसऱ्याच्या थोडं आधी ते जामला मावशीकडे गेले होते. परत येताना चौकात एक मोटरसायकल गाडीच्या डाव्या दिव्याला घासली. ती चालवणाऱ्या पोराला काही झालं नाही, त्याचा आरसा तेवढा फुटला. पण चहाच्या टपऱ्यांवरची माणसं जमली, आणि त्यातला कोणीतरी बोलला, "बाबाजी, दिसते का तुमाले?"

त्या रात्री बाबा जेवले नाहीत म्हणे. सकाळी मला फोन. "गाडीले कॅमेरा लावून दे. तो पोट्टा उलट्या बाजूनं आलता. मी काऊन आयकून घेऊ? आता दूध का दूध, पानी का पानी."

मी हो म्हटलं, लगेच म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही: मला तो कॅमेरा त्यांच्यासाठी नको होता, माझ्यासाठी हवा होता. बाबा कसे चालवतात ते मला पाहायचं होतं. त्यांच्या शेजारी बसून ते कधी कळत नाही. मी गाडीत असले की ते मला पुढे बसवतात आणि अशी चालवतात, जणू वरातीची गाडी.

मग माझी झोप उडाली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, घरी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, मी कॅमेरेच बघत होते. एकजण सांगतो समोरचा एकच पुरे, दुसरा म्हणतो मागचाही हवा, मागून ठोकलं तर काय कराल? एकाचं चित्र दिवसा झकास, संध्याकाळी नंबरप्लेट वाचता येत नाही. एकाची तारीख आपोआप बदलते. एकात कार्ड भरलं की तो गपचूप बंद पडतो, आणि हे तुम्हाला अपघात झाल्यावर कळतं. लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचून माझ्या डोक्याचा भुगा झाला. जो तो म्हणतो "भरवशाचा". भरवशाच्या म्हशीला टोणगा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

शेवटी मी गांधी पुतळ्याच्या पलीकडे गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या प्रश्नांना तोंड देत एकच गोष्ट लावून धरली. "मॅडम, इथला मे महिना पाहता ना तुमी? उन्हात उभ्या गाडीत बॅटरीवाला कॅमेरा फुगून जाते. बिनबॅटरीचा घ्या. गाडीच्या करंटवर चालते, गाडी बंद, कॅमेरा बंद." हे मला पटलं. आमच्याकडच्या उन्हात माणूस फुगत नाही हेच नशीब, यंत्राचं काय घेऊन बसलात. कार्ड चांगल्यातलं घेतलं, पुन्हा पुन्हा लिहून खराब न होणारं. वायर छताच्या कडेने आत दाबता येईल अशी लांब घेतली, लोंबकळती दिसली की बाबा ओढणार हे मला ठाऊक होतं. निघताना त्याने विचारलं, "आवाज चालू ठेवू का बंद?" मी मनात चित्राचा विचार करत होते. राहू द्या चालू, म्हटलं.

घरी येऊन मी तो मोबाइलच्या चार्जरवर तीनदा चालू-बंद करून पाहिला. मग दसऱ्याला सिंदीला गेले तेव्हा तो गाडीत बसवून बाबांना सगळं समजावलं. ते खूश. काचेला चिकटलेला तो काळा डबा पाहून शेजाऱ्यांना म्हणाले, "आता येऊ दे कोणी."

आमच्याकडे दसऱ्याला पूजेतून काही सुटत नाही. दुकान होतं तेव्हा कापड मोजायचा गज, कात्री, कॅल्क्युलेटर, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आता आईचा मिक्सर, शिलाई मशीन आणि माझा लॅपटॉपसुद्धा. गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक, हार, चाकांखाली लिंबं. मी आतून सोनं वाटायची आपट्याची पानं आणायला गेले आणि आले तर आई गाडीचं दार लावून ताट घेऊन परत येत होती. मला वाटलं, स्टेअरिंगला कुंकू लावून आली. लावलंच होतं. पण नव्या पाहुण्यालाही तिने सोडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्या रविवारी मला जास्तच धाकधूक होती. कॅमेरा लावल्यावर ते पहिल्यांदाच वर्ध्याला येत होते, त्यामुळे नेहमीपेक्षा दोन फोन जास्त झाले. ते आले. आईने सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा दिला. बाबा मात्र गाडीकडे पाठ करून लगबगीने आत गेले. मी बाहेर जाऊन पाहिलं. डाव्या दाराला लांबलचक चरा, पत्रा दबलेला.

"हे काय झालं?"

"बाजारात उभी होती तवा कोणं तरी ठोकली," बाबा म्हणाले. "लोकाइले डोळे नाई राह्यले."

आई ताटं मांडत होती. तिने वर पाहिलं नाही.

जेवणं झाली. ते दोघं आतल्या खोलीत आडवे झाले. मी गाडीतून कार्ड काढून आणलं, लॅपटॉपला लावलं. आणि पडद्यावर काय? लाल. नुसतं लाल, मधे एक जाड ठिपका, कडेला रस्त्याची धूसर पट्टी. माझ्या तोंडून शिवीच निघाली. एवढी मरमर करून निवडलेला कॅमेरा, आणि माझ्या मातोश्रींनी त्याच्या भिंगाला ओलं कुंकू लावून ठेवलेलं. कपाळ समजून. मला हसूही येईना आणि ओरडताही येईना, कारण मातोश्री आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

वैतागून मी तो तसाच चालू ठेवला आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मग आईचा आवाज आला. आतून नाही, लॅपटॉपमधून.

"समोर ट्रॅक्टर हाये. हळू. आता जरासं उजवीकडं घ्या. बस."

मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले.

"बकऱ्या हायेत. थांबा. थांबा म्हटलं ना. निघा आता. पुढं गतिरोधक हाये, आला, आला... गेला."

ती थांबत नव्हती. आकाशवाणीवर क्रिकेट सांगावं तसं ती सलग सांगत होती, न चिडता, न घाबरता. आणि मग बाबांचा आवाज आला. माझ्या बाबांचा, जो मला दुकानात गिऱ्हाइकांशी मोठमोठ्याने बोलतानाचा माहीत होता.

"ट्रक गेला का?"

"गेला. मोकळा हाये रस्ता."

मी खाली बसले. नागपूर रोडवर भर दिवसा ट्रक चालला आहे आणि गाडी चालवणारा माणूस विचारतो आहे, गेला का. किती महिने हे चाललं असेल? म्हणून आई शेजारी हवी असते. म्हणून मी असले की मला पुढे बसवून ते मुंगीच्या पावलाने जातात. आणि ज्या दिवशी जामच्या चौकात ती मोटरसायकल घासली, त्या दिवशी आई काय करत होती? माझा फोन आला होता का?

उत्तर त्याच कार्डावर होतं, जामचं नसलं तरी. आई बोलता बोलता थांबली. फोनची रिंग वाजली. मग ती म्हणाली, "हो वं, सेलू आलं. हो, हळूच चालवून राह्यले. तू काऊन एवढी घाबरतं?" आणि मग पत्रा खरडत गेल्याचा आवाज. लांबलचक. गाडी थांबली.

हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"खांब होता," आई म्हणाली.

"तू सांगितलं नाई."

"तिचा फोन आलता ना."

"तिले सांगू नको."

"कायले सांगू? माहे डोळे हायेत ना."

मी लॅपटॉप मिटला. मला आईचा राग आला, भयंकर राग आला. मरायचं होतं का दोघांना? रस्त्यावरच्या कुणाला मारायचं होतं का? उठून आतल्या खोलीत जावं आणि दोघांना गदागदा हलवावं असं वाटलं. दारापर्यंत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आईचा हात त्यांच्या पाठीवर होता, झोपेतसुद्धा. मी परत फिरले आणि चहा ठेवला. साखर कोणाच्या कपात घातली हेही मला आठवेना.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "आज मी सोडून देते सिंदीला. तुमच्याच गाडीने येते, परत पॅसेंजरने." आणि मग, "उद्या रजा टाकते. डोळे दाखवून येऊ. आणि तोवर किल्ली माझ्याकडे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. तिथे कार्ड पडलं होतं.

"कॅमेऱ्यात काय आलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आईने कुंकू लावलंय काचेला. सगळं लाल."

"मंग?"

"आवाज आलाय."

आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी खिशात हात घातला, चाचपडले, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ठेवताना बोटं क्षणभर तशीच राहिली.

मी चालवायला बसले. बाबा शेजारी, आई मागे. धाम नदीचा पूल आला, गेला. मी आरशात पाहायची, आई खिडकीबाहेर पाहत बसलेली. बाबांचा पाय मधेच ब्रेक दाबल्यासारखा खाली जायचा, मग ते तो मागे घ्यायचे. दोन्ही हात मांडीवर, काय करावं कळत नसल्यासारखे. त्यांना असं पाहण्यापेक्षा भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटत होतं. मी सेलूच्या अलीकडे रेडिओ लावला, पुन्हा बंद केला.

मग बाबांनी मान थोडी मागे वळवली.

"गप काऊन बसली वं?"

"आता कायले बोलू?" आई म्हणाली. "ती चालवून राह्यली ना. दिसते तिले."

"तिले दिसते," बाबा म्हणाले. "मले नाई दिसत. मले सांग ना."

आरशात आईने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिले, मला रस्ता नीट दिसेना.

मग आई पुढे सरकली, दोन्ही सीटच्या मधून तोंड काढून बसली, आणि सांगू लागली. उजवीकडं कापूस फुटला हाये, लय फुटला. बाया वेचून राह्यल्या. एकीच्या डोक्यावर लाल दुपट्टा हाये. बांधावर बैलबंडी उभी हाये, बैल सोडले हायेत.

"जोडी कशी हाये?"

"एक पांढरा. एक जरासा काळसर."

बाबांनी मान हलवली. मग माझ्या हाताला हात लावला.

"हळू घे बाई," म्हणाले. "तिले सांगू दे."