भिंगरीबाईंचं यान

गणिताच्या बाईंना अख्खी शाळा भिंगरी म्हणे. वर्गात त्यांना खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुलांनी डोकं खाजवायच्या आत बाईंचं उत्तर फळ्यावर आलेलं असे. घरी त्यांची आई म्हणायची, "अगं, घास तरी बसून गिळ."

या बाईंनीच अडगळीच्या खोलीत पुठ्ठ्याचं यान उभं केलं. सहा मुलं चार तास आत बसून चंद्रावर उतरणार होती. हवेचा हिशोब गणितातला, मार्ग भूगोलातला, आणि घडेल ते सगळं धड वाक्यांत नोंदवहीत लिहायचं, म्हणजे भाषाही आलीच. भाषेच्या सरांना हे सारं थेर वाटे. पण मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं होतं, म्हणून सरही शेजारच्या खोलीत पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले.

नियम बाईंचाच होता: बिघाड आपण घालायचा, तोड मुलांनी काढायची, विचारल्याशिवाय अवाक्षर बोलायचं नाही.

तिसऱ्या तासाला बाईंनी खेळातली हवेची टाकी फोडली. आता एका माणसाला साठ तास पुरेल एवढीच हवा उरली होती. चंद्रावर उतरून परतायला खेळातल्या घड्याळाने अकरा तास लागणार होते, आणि तिथूनच मागे फिरायला सात. कप्तान मुलीने झरझर भागाकार करून सांगितलं, "बारा तास पुरेल. उतरू या."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र चूक दिसली. पोरीने साठाला पाचाने भागलं होतं; स्वतःला मोजायलाच ती विसरली होती.

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. दोनदा हात माईककडे गेला. पेनचं टोपण चावून चावून चपटं झालं.

"सांगून टाका ना," सर कुजबुजले. "मरतील की पोरं."

"मी सांगितलं, तर यान मीच चालवल्यासारखं होईल."

आत नोंदवही लिहिणारा मुलगा अडला होता. त्याला वाक्य पुरं करायचं होतं. हवा पाच जणांना पुरेल, हे ठीक, पण पाच जण कोण कोण, नावं सांग, म्हणाला. कप्तान बोटांवर नावं मोजू लागली; सहावं तिचं स्वतःचं निघालं. "मग दहाच तास," म्हणत तिने यान मागे फिरवलं.

मुख्याध्यापकांचं तोंड उतरलं. एवढा खटाटोप करून हात हलवत परत आलात, असं एक वडील म्हणालेच.

कप्तान डोळे पुसत थेट बाईंकडे आली. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

बाईंनी पेनचं चपटं टोपण तिच्या हातावर ठेवलं. "जीव नुसता टांगणीला लागला होता गं," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगी दोन दिवस गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसली. सरांनी मात्र ती नोंदवही मागून नेली आणि वर्गात वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी मुलगी आली ती कागद घेऊनच. पुढच्या मोहिमेत बिघाड ती घालणार होती, आणि यानात बाईंनी बसायचं होतं, तेही चार तास, खुर्चीवर.