आजीच्या पेपरातलं वर्ष

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती. लग्नानंतर लिहायचं म्हणजे आईला पत्र, तेही चार ओळींचं. ही वही मुलीच्या शाळेची आहे, मागची निम्मी पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. मुलीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तशी भीतीही नाही. पण शहाऐंशी साल मला विसरायचं नाही.

आम्ही तेव्हा एडिसनला एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण एकटी राहायची. पंच्याहत्तरीची, उंच, पाठ ताठ. ती डेन्मार्कची. तरुणपणी नवऱ्याबरोबर बोटीनं आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझी मुलगी तिला आजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. चार वर्षं मी तिच्याशी हॅलो आणि थँक्यू याच्या पलीकडे बोलले नव्हते. जिना उतरताना तिचं दार उघडं दिसलं तर मी वरच थांबायची, दार लागलं की उतरायची.

जानेवारीत गावाहून तार आली, आईचं काही खरं नाही, लवकर ये. यांच्या फॅक्टरीतली एक पाळी बंद झालेली, हातात काम नाही, तिकिटाला पैसे कुठले? मी जिन्यात बसून रडत होते. घरात मुलगी होती म्हणून जिन्यात. आजीनं दार उघडलं, मला बघितलं, काही न विचारता आत गेली आणि मग वर येऊन यांच्याशी बोलली. दुसऱ्या दिवशी तिनं सहाशे डॉलर दिले. म्हणाली, "वर्षाच्या शेवटापर्यंत दिलेस तरी चालेल. नाही दिलेस तर आपण तेव्हा बघू."

आई भेटली. माझ्या हातचा भात खाल्ला. मी परत आले आणि नवव्या दिवशी ती गेली. म्हणजे ते सहाशे डॉलर कशाचे होते, ते मलाच माहीत.

हे म्हणाले, काम लागलं की मी फेडीन. मी म्हटलं, नाही, आई माझी होती, मी फेडणार. असं मी यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. आयसेलिनच्या एका साडीच्या दुकानातून फॉल लावायच्या साड्या आणि ब्लाउज घरी आणायला लागले. दर पंधरा दिवसांनी तीस डॉलर खाली नेऊन द्यायचे असं ठरवलं. मीच हट्ट धरला की तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर वेळी खूण करायची.

पहिला हप्ता द्यायला गेले तेव्हा मार्च चालू होता. आजी टेबलाशी बसून भिंगातून पेपर वाचत होती. तिचे पेपर तिकडून यायचे, आठवड्याचं एक भेंडोळं, दहा-बारा दिवस उशिरा. डोळे अधू झाले होते. पेपर नाकाला टेकवायची आणि मग चिडून बाजूला ठेवायची. मी पैसे ठेवले. तीस, आणि वर एक. तिनं नोटा एकेक करून डोळ्यांशी धरल्या, त्या एका डॉलरवर थोडी थांबली. मग म्हणाली, "तुझे डोळे चांगले आहेत ना? हे वाच."

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी चार वर्षंच शाळेत गेले आहे, इंग्रजी अक्षरं मुलीकडून शिकले आहे, आणि ही भाषा तर...

"तुला समजायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "समजायचं काम माझं. तू फक्त अक्षरं सांग."

तशी आमची पद्धत बसली. मी एकेक अक्षर सांगायची. मग ती पूर्ण शब्द तिच्यासारखा म्हणून दाखवायची, आणि मी तो वहीत मराठीत लिहून घ्यायची. त्यांच्यात दोन-तीन अक्षरं जास्तीची आहेत. एक ओ, त्याच्या पोटातून काठी आरपार गेलेली. एक ए, डोक्यावर टोपली घेतलेला. लिहितात एक आणि म्हणतात निम्मंच, उरलेलं घशात गिळतात. पुढच्या वेळी तो शब्द आला की मी वहीत बघून सरळ म्हणायची. आजी हसून हसून डोळे पुसायची. म्हणायची, "माझ्या देशात तुझ्यासारखं बोलणारं कुणी नाही. पण मला कळतंय, थांबू नकोस."

पहिली बातमी मतदानाची होती. शेजारच्या युरोपातल्या देशांशी आणखी बांधून घ्यायचं की नाही, याबद्दल सगळ्या लोकांना विचारलं होतं. संसद नको म्हणाली होती, लोक हो म्हणाले. त्यांचं हो म्हणजे या. नाही म्हणजे नाय, अगदी आमच्या गावाकडच्यासारखं. ते मला लिहून घ्यावं लागलं नाही. आजी म्हणाली, "मी तिकडे असते तर नाय म्हणाले असते." आणि मग सबंध संध्याकाळ त्यावर तणतणत राहिली. मी खाली मान घालून ऐकत होते. बाईमाणसानं राज्यकारभारावर इतकं तणतणलेलं मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी साड्यांची पिशवी घेऊन बसमधून उतरले, तर खालच्या खिडकीत मेणबत्त्या लागलेल्या. ओळीनं, सगळ्या खिडक्यांत. मला वाटलं सण आहे. वर जाऊन आमच्या खिडकीतही दोन पणत्या लावल्या, सणाला शेजाऱ्याचं घर अंधारात कसं राहील? थोड्या वेळानं आजी वर आली. चार वर्षांत दुसऱ्यांदा जिना चढली. पणत्यांपुढे उभी राहून तिनं सांगितलं की लढाईत जर्मन सैन्य त्यांच्या देशात पाच वर्षं होतं, खिडक्यांना काळे कागद लावायला लागायचे. ते गेल्याची बातमी कळली त्या संध्याकाळी लोकांनी कागद फाडून मेणबत्त्या लावल्या. अजून लावतात. तिची बहीण तेव्हा तिकडेच होती. "इथे माझ्या खिडक्या बघून लोक विचारतात, वीज गेली का?" मग यांना म्हणाली, "तुमची बायको विचारत नाही, सरळ लावते."

त्याच महिन्यात त्यांचा राजपुत्र अठरा वर्षांचा झाला. पेपर त्याच्याच फोटोंनी भरलेला. आजीनं तिकडच्या पद्धतीनं थरांचा केक केला आणि त्यात कागदाचे छोटे लाल-पांढरे झेंडे खोचले. मुलगी म्हणाली, "आजी, हि इज नॉट इव्हन हिअर!" आजी म्हणाली, "म्हणून तर केक आपल्याला मिळाला."

जूनमध्ये मेक्सिकोत फुटबॉल. इंग्रजी चॅनेलवर सगळे सामने नसायचे, म्हणून स्पॅनिश चॅनेल लावायचो. आजीला दिसायचं नाही, मुलगी तिला कानात सांगायची. त्यांच्या इतक्याशा देशानं एका सामन्यात सहा गोल केले. मुलगी सोफ्यावर नाचली, आजी तिला थांबवेना. पुढचा एक सामना जिंकल्यावर स्पेनशी गाठ पडली. आधी डेन्मार्कचाच गोल झाला. मग त्यांच्याच एका खेळाडूनं चेंडू मागे आपल्या माणसाकडे म्हणून ढकलला आणि तो गेला सरळ शत्रूच्या पायात. तिथून पाच गोल खाल्ले. मुलगी रडायला लागली. हे म्हणाले, "रडू नकोस. आपले क्रिकेटवाले असे झेल सोडतात, म्हणून देश बुडाला का?"

आजी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पेपर आला की वाचू."

वाचला. पुढचे तीन आठवडे तोच एक चेंडू वाचला. एवढ्या मोठ्या माणसाची एवढीशी चूक, पण चांगल्या मनानंच केलेली. मला त्या खेळाडूची फार दया आली.

ऑक्टोबरच्या पेपरांत दोन बातम्या होत्या. एक होती लढाया चाललेल्या देशांतून बोटीनं येणाऱ्या माणसांची. त्यांना आत घ्यायचा नियम कडक केला होता. ती वाचताना आजीनं मला दोनदा थांबवलं. "परत वाच." मी परत वाचलं. ती म्हणाली, "मी बोटीतून उतरले तेव्हा मला फक्त नाव विचारलं होतं." मी इमिग्रेशनच्या ऑफिसातली आमची रांग आठवत होते, आणि कडेवर झोपलेली मुलगी.

दुसरी बातमी बटाट्याची. मोठ्या मथळ्यात बटाटा हा शब्द होता, तो मला वहीत न बघता आला म्हणून मी खूश होते. बाकी शब्द कर्जाचे आणि व्याजाचे. मी विचारलं, बटाटा आणि कर्ज एकत्र कसं? आजीनं सांगितलं, तिकडे ऑक्टोबरात शाळेला सुट्टी असते, पूर्वी मुलं बटाटे काढायला जायची. त्या सुमारास सरकारनं ठरवलं की लोक उधारीवर फार खरेदी करतात, तेव्हा जो असल्या कर्जाचं व्याज भरेल त्यानं सरकारलाही वर काही भरायचं. म्हणून लोक त्याला बटाट्याचा उपचार म्हणायला लागले.

सांगता सांगता ती उठली, कपाटातून बिस्किटांचा एक निळा डबा काढला आणि माझ्यापुढे उपडा केला. एकेक डॉलरच्या नोटा. मी दिलेले सगळे वरचे एक.

"हे मला महिनोन्‌महिने खुपतंय," ती म्हणाली. "मी शेजारी म्हणून पैसे दिले. व्याज मागितलं होतं का? मी तुला सावकार वाटले का?"

नोटा तशाच टाकून मी वर पळाले.

यांना सांगितलं तर हे कपाळावर हात मारून हसले. "अगं वेडे, तिला काय माहीत वरचा रुपया? आहेराचं पाकीट आहे का ते? कर्ज फेडताना कुणी वर एक ठेवतं का?"

खरं होतं. कर्ज कसं फेडतात ते मला माहीतच नव्हतं, कधी घेतलंच नव्हतं. कुणाच्या हातावर पैसे ठेवायचे ते फक्त लग्नात, बारशात, ओवाळताना. तिथे शून्यावर थांबायचं नसतं एवढंच आईनं शिकवलेलं.

मुलगी म्हणाली, "आई, आय विल टेल हर. इट्स ईझी."

मी नको म्हटलं. मी चूक केली, तेव्हा मीच सांगणार. चार दिवस मनात इंग्रजी वाक्यं जुळवली. चपाती लाटताना, फॉल लावताना, तीच वाक्यं. रविवारी खाली गेले आणि आजीला बघताच सगळी विसरले. मग मी टेबलावर तीस डॉलर ठेवले आणि हातानं रेघ मारून दाखवलं, फिनिश. मी घरी जाणार, तू तुझ्या घरी, संपलं. मग वर एक ठेवला. नॉट फिनिश. मी परत येणार. माझी आई असं देते. म्हटलं, "नो इंटरेस्ट. माय मदर."

आजीनं तो डॉलर उचलला, नाकाशी धरला. मला वाटलं, अजून रागावली आहे.

"म्हणजे इतके महिने," ती म्हणाली, "तू मला सांगत होतीस की परत येणार, आणि मी तुझ्यावर चिडून डबा भरत होते?" आणि हसायला लागली. मग म्हणाली, "चहा टाक. आणि त्या चेंडूचं परत एकदा वाच." कारण तिच्या मते तीही त्या खेळाडूसारखीच होती, आणि मीही.

नोव्हेंबरमध्ये तिच्या मुलाचा फोन आला. डोळे आता फारच गेले, कॅलिफोर्नियाला आमच्याकडे राहा, घर विकून टाकू. ती "या" म्हणाली, म्हणजे हो. ती जायच्या आत पैसे फिटले पाहिजेत म्हणून मी दुकानातून जास्त साड्या आणल्या. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "काय हो, पोरीचं लग्न काढलंय की काय?" बोटाला सुया टोचून भोकं पडली, त्यावर पट्टी बांधून फॉल लावायची. हे स्वयंपाक करायला शिकले ते त्या दिवसांत. आमटी पाणचट व्हायची, आम्ही खायचो.

डिसेंबरात आजीचं सामान बांधलेलं. खिडकीत मुलीनं आणि तिनं विणलेल्या लाल-पांढऱ्या कागदाच्या, हृदयाच्या आकाराच्या नाताळच्या टोपल्या टांगल्या होत्या. मी शेवटचे तीस डॉलर तिच्या हातावर ठेवले. वर काही नाही.

तिनं नोटा चाचपल्या. "वरचा कुठे आहे?"

"नाही," मी म्हटलं. "हे कर्ज आहे. कर्ज शून्यावरच संपलं पाहिजे." हे वाक्य मी मुलीकडून पाठ करून घेतलं होतं.

आजीनं निळा डबा उघडला, त्यातला एक डॉलर काढला आणि माझी मूठ उघडून आत ठेवला. "मग हा माझ्याकडून. मी म्हातारी आहे, मी येऊ शकणार नाही. तू ये." डबा तिनं मुलीला दिला.

मग ती चाचपडत कॅलेंडरापाशी गेली. जाड पेन्सिल घेतली आणि शेवटच्या खुणेखाली एक शब्द लिहिला, अक्षरं वरखाली, माझ्यापेक्षाही वेडीवाकडी.

"वाच," ती म्हणाली.

मी वहीत बघितलं नाही. अक्षरं सुटी करून सांगितली नाहीत. एका दमात म्हटलं, "बेताल्ट."

हा शब्द त्या बटाट्याच्या बातमीत आला होता. त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. पैसे पूर्ण फिटले होते.