चकतीभोवतीचं कडं

मिथेनॉलची बाटली उघडली की जानकीपुरमच्या घरातला बाबांचा पट्टी बांधलेला पाय आठवतो. मधुमेहामुळे जखम चिघळली होती, कुठलंच औषध लागू पडत नव्हतं, आणि मी लॅबमधून परतले की ते विचारायचे, "तुझी समुद्रातली बुरशी काय म्हणते?" एकदा खोल समुद्रातल्या त्या बुरशीचा अर्क मिथेनॉलमध्ये विरघळवून मी कागदाच्या चकतीवर टाकला आणि ती जंतूंच्या थरावर ठेवली. सकाळी चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं उमटलेलं होतं. मी त्याचा फोटो काढून घरी दाखवला, तर बाबा तो कितीतरी वेळ बघत राहिले. मग शंका आली म्हणून नुसतं मिथेनॉल टाकून पाहिलं, तर तसंच कडं पडलं. घाईत मी चकती सुकूच दिली नव्हती; जंतू मारले होते ते ओल्या मिथेनॉलने, बुरशीने नव्हे. हे सांगायला घरी आले, तर बाबा फाटकाशी सब्जीवाल्याला म्हणत होते, "भैया, हमारी बिटिया ने दवा ढूँढ ली." मी मेथीची जुडी घेतली. बाबा गेल्यावर तो फोटो त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात सापडला. आता विद्यार्थ्यांना बजावते, चकती आधी पूर्ण सुकू द्या. "इतनी जल्दी किसको होती है, मैम?" परवा एकीने हसत विचारलं. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.