पास्कल अंकल आणि रेडिएटरची झडप

फोन आला तेव्हा क्लिनिकमध्ये एका काकूंच्या गुडघ्याला मशीन लावलेलं होतं. दहा मिनिटांतली चार झाली होती. "डॉक्टर बाय, मी रोझी बोलते, तारोडीवरनं. आमचे गेले गं... सकाळी उठवायला गेले तर न्हाय उठले." मी नुसतं "हो" म्हटलं. उरलेली सहा मिनिटं टायमरकडे बघत उभी राहिले, काकूंना पुढची वेळ दिली, शटर अर्धं ओढलं आणि मग खुर्चीत बसून ढसाढसा रडले. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. सात महिने मी रोझी आंटींच्या नवऱ्याशी, पास्कल अंकलशी, बोलले नव्हते, आणि चूक माझी होती.

पास्कल अंकल म्हणजे उत्तनकडच्या तारोडी गावातले होड्यांचे मेकॅनिक. उभा जन्म मच्छीमारांची डिझेल इंजिनं खोलण्यात गेलेला. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, तेव्हा कोणीतरी त्यांना पूनम सागर वसाहतीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकचा पत्ता दिला. व्यायामाला रबरी बॉल दिला की महाशय तो खिशात घालून खिडकीबाहेर बघत बसायचे. एक दिवस वैतागून मी टेबलावरची जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली. मला दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायच्या कॉम्प्युटर गेमचं वेड आहे. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभतं का, असं विचारून विचारून घरचे आता दमलेत. "हे धरा आणि फिरवा," मी म्हटलं, "मनगट चारी बाजूंना वळेल." तर पहिल्याच दिवशी शत्रूचं विमान पाठीला लागलं, मी ओरडतेय, "अंकल, वळा, वळा!" आणि हे शांतपणे पडद्यावरच्या इंजिनाच्या काट्यांकडे बोट दाखवतायत. "थांब गं, ऑईल थंड हाय अजून. जोर कसा देऊ?" पुढच्या क्षणाला विमानाच्या चिंध्या. मी कपाळावर हात मारला. ते म्हणाले, "इंजिन माझ्यामुळे तर न्हाय गेलं ना?"

मनगट बरं झालं, पण वेड लागायचं ते लागलंच. मुलगा परदेशी नोकरीला जाताना घरी ठेवून गेलेला कॉम्प्युटर त्यांनी झटकून बाहेर काढला, आणि दर रविवारी पाच वाजता ते तारोडीतून आणि मी पूनम सागरमधून, हेडफोन लावून, गेममधल्या एकाच धावपट्टीवर भेटायला लागलो. उडवायला मी शिकवलं, पण इंजिन सांभाळायला त्यांनी. त्या विमानांचं इंजिन पाण्याने थंड होतं, आणि पोटाखाली रेडिएटरची एक झडप असते. ती उघडली की इंजिन थंड राहतं, पण विमानाचा वेग पडतो. मिटली की वेग मिळतो, पण काटा चढायला लागतो. पूर्ण जोर म्हणाल तर पाचेक मिनिटं, त्यापुढे इंजिन कुरकुरतं, मग धूर, मग संपलं. मी आपली जोर लावून शत्रूच्या मागे धावायची आणि दर रविवारी इंजिन जाळायची. अंकल बाजूने उडत सांगायचे, "अगं बाय, जोर कमी कर. त्याला जाऊ दे. त्याचं पण इंजिन तापलंय, जाऊन जाऊन जाईल कुठे?" आणि खरंच, दोन मिनिटांनी तो शत्रू धूर सोडत खाली जाताना दिसायचा. त्यांनी एक गोळी झाडलेली नसायची. मला असा काही राग यायचा!

पण मी अधीर बाई. ते काटे, त्या झडपा, तो सतत हिशेब... मला जमेना. गेममध्ये एक सोय असते, इंजिन आपोआप सांभाळण्याची. एका रविवारी मी ती गुपचूप चालू केली आणि अंकलना सांगितलं, "बघा, आता हातानेच करतेय सगळं." काय खूश झाले ते! रोझी आंटींना हाक मारून सांगितलं, "डॉक्टर शिकली गं!" तीन महिने मी ते कौतुक मजेत मिरवलं. मग एका संध्याकाळी माझ्या विमानाच्या मागून उडताना त्यांनी विचारलं,

"बाय, तू चहा पितेस काय?"

"हो. का हो?"

"बशी वाजली. एका हातात कप, एका हातात स्टिक. मग तुझी झडप कोण हलवतंय? मला दिसतेय हितनं. जरा उघडते, जरा मिटते... माणूस असं करत न्हाय."

पकडली गेले होते. हसून सॉरी म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण नाही. मी उलट आवाज चढवला, म्हटलं, "गेम आहे हो अंकल! कोणाची होडी थोडीच बुडतेय?"

हे मी बोलायला नको होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या होडीवर एकदा असंच झालं होतं. अंकलनी किनाऱ्यावरून विचारलं, ऑईल बघितलं काय, आणि खलाशाने न बघताच हो म्हणून सांगितलं. भर समुद्रात इंजिन जाम झालं आणि होडी दोन दिवस लाटांवर भरकटत राहिली. भाऊ परत आला, पण पुन्हा कधी होडीत चढला नाही. ही गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली होती, मनगट शेकताना. माझं ते बोलणं ऐकून त्यांनी विमानाचा जोर कमी केला. मग ते म्हणाले, "माझ्याशी कशाला खोटं बोललीस?" आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी पाच वाजता मी गेम उघडला. खेळायला आलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, बघा, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. दुसऱ्या कोणाबरोबर मजेत उडतायत. मी फणकाऱ्याने बंद करायची. सात महिने दर रविवारी ते नाव बघितलं आणि दर रविवारी बंद केलं. पूनम सागरहून तारोडीला जायला तासभर लागतो, काही सातासमुद्रापलीकडे नाही, पण माझा ताठा मोठा.

अंकलना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले. चर्चमधून सगळे अंकलच्या घरी आले, जेवले, पांगले. मी भांडी उचलू लागले तर रोझी आंटींनी हात धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. म्हणाल्या, "एक विचारायचं होतं तुला. हे दर रविवारी पाचला बसायचे. पण विमान उडवायचे न्हाय. नुसतं इंजिन चालू करून जमिनीवर उभे. मी विचारलं, उडत का न्हाय? तर बोलले, डॉक्टर येईल, मग जाऊ. इंजिन तापलं की बंद करायचे, थंड झालं की परत चालू. तासभर हेच. असं करतात काय गं खेळात?"

असं कोणी करत नाही. जमिनीवर उभ्या विमानाला वारा मिळत नाही, झडप पूर्ण उघडली तरी काटा चढतच राहतो. हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी सात महिने हा माणूस ते इंजिन तापवत आणि निववत माझ्यासाठी धावपट्टीवर उभा होता, आणि मी यादीत त्यांचं नाव बघून गेम बंद करत होते... अंकल, एकदा हाक तरी मारायचीत हो. मी धावत आले असते. आले असते का, कोण जाणे.

त्यांच्या खुर्चीत बसले. गेम उघडला, त्यांचंच विमान घेतलं, इंजिन चालू केलं. त्या आवाजाने रोझी आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी हेडफोनच्या माईकमध्ये हळूच म्हटलं, "अंकल, चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल, बाय," मागून आंटी म्हणाल्या. "इंजिनाचं त्यांना सगळं ऐकू यायचं. माणसाचं जरा कमी."

मी मोठ्यानं बोलले.