केनवडच्या काकांचं फिरतं पान

जुन्या फायली डिलीट करता येतात, किस्से नाही. वाशीमला माझं वेबसाइटी बनवायचं छोटं दुकान आहे. साठलेल्या किश्श्यांतले निम्मे एकट्या केनवडच्या रामकाकांचे. काका समाजाचं वधू-वर मंडळ चालवतात. गावाची लग्नं जमवतात, आणि स्वतःचा मुलगा गजानन चौतिशीला आला तरी बिनलग्नाचा घरीच. शेती झकास, पण शेतकरी नवरा कुणालाच नको.

*

मंडळाच्या वेबसाइटवर मी नवरदेवांचं पान असं केलं की फोल्डरमध्ये फोटो टाकायचे, जावास्क्रिप्ट म्हणजे पानामागचा प्रोग्राम त्यांची यादी करणार आणि एकेक फोटो तीन सेकंद दाखवणार. काकांनी मनगटावरच्या घड्याळात मोजून पाहिलं.

"तीन सेकंदात लग्न कसं जमन बे? आमच्या टायमाले बसून चा तरी पेऊ देत."

मी पाच केले.

*

फोटो फायलीच्या नावाच्या क्रमानं येतात, शून्यवाले सगळ्यात आधी, हे मी काकांना सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी गजाननच्या फायलीचं नाव 'शून्य एक'. आठवडाभरात बाकीच्या बापांना पत्ता लागला. एकानं तर अकरा शून्यं लावून मुलगा पाठवला! मंडळाच्या बैठकीत शून्यांवरून हमरीतुमरी झाली.

*

म्हणून मी क्रम दरवेळी पत्त्यांसारखा पिसायला लावला. पान उघडेल तेव्हा वेगळा नवरदेव पुढे. काकांनी वीसदा उघडलं, गजानन एकदाही पहिला आला नाही.

"माया पोराचं नशीब तुया कंप्युटरलेबी समजलं," एवढंच बोलून ते गेले. मला फार वाईट वाटलं.

*

त्यातच गजाननचा ट्रॅक्टरवरचा मोबाइलमधला फोटो पानावर आडवा पडला. चार दिवस पोरगा ट्रॅक्टरसकट आडवा! त्या चार दिवसांत त्याच्यासाठी पहिला फोन आला. काकांनी धावत जाऊन घेतला. समोरचा विचारत होता, ट्रॅक्टर विकायचा आहे का.

*

आणि मग अनसिंगहून स्थळ आलं. मुलीच्या वडिलांना पान बनवणाऱ्यालाही पाहायचं होतं, म्हणून काकांनी मला सोबत नेलं. कुठला मुलगा निवडायचा यावर मुलीच्या घरात एकमत होईना, म्हणून त्या सगळ्यांनी देवापुढे बसून पान उघडलं होतं. ज्याच्यावर थांबेल तो देवाचा कौल, असं ठरवून.

"थांबलं ना बाप्पा! तुमच्या गजाननवर येऊन जे थांबलं, ते सरकूनच नाही राह्यलं," वडील हात जोडून सांगत होते.

काकांच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र बुचकळ्यात पडलो, कारण ते पान आपणहून कुणावरच थांबत नाही. फोटोवर बोट दाबून धरलं तरच थांबतं, आणि बोट असेपर्यंतच.

मी हळूच विचारलं, तेव्हा मोबाइल कुणाच्या हातात होता?

"पोरीच्या. आमी समदे डोये मिटून बसलो होतो."

चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी माझ्याकडे बघत दारातच थांबली.

मी म्हटलं, "मंग कौल पक्का हाय."